स्कॉटलंड उद्या वेगळा झालाच तर पगार, पेन्शन आणि घराच्या हप्त्याचं काय?

शेवटचा_बाक

मंडळी, प्रश्न जरा बाळबोध आहे, हसू नका. एका मित्राशी स्कॉटलंडवरून वाद झाला. तो म्हणे २०१४ च्या सार्वमतात लोक घाबरले म्हणून "नाही" म्हणाले, नाहीतर आज नॉर्वेसारखं तेलावर बसून खाल्लं असतं. मी तावातावाने म्हणालो की ज्या देशाकडे स्वतःचं चलन नाही तो कसला स्वतंत्र, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की मलाही यातलं धड काही माहीत नाही, नुसता आवाज मोठा होता.

तर अस्मिता, इतिहास, इंग्रजांनी काय केलं वगैरे बाजूला ठेवून फक्त हिशोबाचं सांगा. समजा "हो" आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पगार कशात होतो, कर्ज कशात फेडायचं, म्हाताऱ्यांची पेन्शन कोण देणार, इंग्लंडात जायला पासपोर्ट लागणार का? आणि पुन्हा मतदान झालं तर उत्तरं २०१४ चीच राहतील की बदलतील?

---

हिशोबनीस

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच होत नाही, इथूनच सुरुवात करा. १८ सप्टेंबर २०१४ ला "हो" जिंकलं असतं तरी स्वातंत्र्याची तारीख स्कॉटिश सरकारने २४ मार्च २०१६ धरली होती, म्हणजे मधे दीड वर्ष नुसत्या वाटाघाटी. मतदान फक्त टेबलावर बसायचा हक्क देतं. टेबलापलीकडे बसलेला माणूस काय देईल ते मतपत्रिकेवर छापलेलं नसतं. सगळी भानगड इथे आहे.

आता चलन. स्कॉटिश सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये सहाशेच्या वर पानांची श्वेतपत्रिका काढली, त्यात म्हटलं की आम्ही पौंडच वापरू आणि बँक ऑफ इंग्लंड दोघांची मिळून राहील. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न एडिनबरात येऊन सांगून गेले की देश सोडलात तर पौंडही सोडलात, आणि लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांनीही त्यांचीच री ओढली. मग उरतात तीन रस्ते. एक, कोणाला न विचारता पौंड वापरत राहायचा, पनामा डॉलर वापरतो किंवा माँटेनेग्रो युरो वापरतो तसं. दोन, स्वतःचं चलन काढायचं. तीन, युरो, पण ते एका रात्रीत होत नाही.

पहिला रस्ता सोपा वाटतो पण त्यात तुमच्या बँका अडचणीत आल्या तर नोटा छापून धावून येणारा कोणी नसतो. आणि स्कॉटलंडमध्ये तर बँकांचा आकार भयंकर होता, ब्रिटिश अर्थखात्याने २०१३ मध्ये काढलेल्या हिशोबात तिथल्या बँकांची मालमत्ता स्कॉटिश जीडीपीच्या बारा पटीहून जास्त भरली. आरबीएसला (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) २००८ नंतर ४५ अब्ज पौंड ओतून वाचवलं होतं हे लोक विसरले नव्हते. "हो"वाल्यांचे नेते आणि स्कॉटिश सरकारचे तेव्हाचे प्रमुख साल्मंड स्वतः एकेकाळी आरबीएसमध्येच अर्थतज्ज्ञ होते, तरी ऑगस्टमधल्या टीव्हीवरच्या चर्चेत "नाही"वाल्यांचे नेते डार्लिंग पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले की तुमचा प्लॅन बी काय, आणि साल्मंडना ते नीट सांगता आलं नाही. माझ्या मते "हो"वाले तिथेच हरले. ध्वज, तेल, अणुबाँब सगळं नंतर.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचं चलन. त्याचं गणित घराच्या कर्जावर करून बघा. धरून चला १ लाख २० हजार पौंडांचं कर्ज आहे, ब्रिटिश पौंडातलं. नवा स्कॉटिश पौंड एकास एक सुरू झाला आणि वर्षभरात १५ टक्के पडला. तुमचा पगार स्कॉटिश पौंडात, कर्ज जुन्या पौंडात. आता तेच कर्ज तुमच्या चलनात १ लाख ४१ हजार झालं, एक वीट नवीन न लावता. सरकार कायदा करून कर्जही नव्या चलनात आणू शकतं, पण मग ठेवीही आणाव्या लागतात, आणि आपली ठेव उद्या बदलणार हे कळलेला माणूस आजच पैसे सीमेपलीकडे हलवतो.

हे कल्पनेतलं नाही. चेक आणि स्लोव्हाक १ जानेवारी १९९३ ला वेगळे झाले तेव्हा चलन काही काळ एकच ठेवायचं ठरलं होतं, ८ फेब्रुवारीला संपलं. लोक स्लोव्हाक बाजूचे पैसे चेक बँकांत टाकत होते. शेवटी जुन्या नोटांवर चक्क तिकिटं चिकटवून कुठली कोणाची ते ठरवलं, आणि त्याच वर्षी जुलैत स्लोव्हाक कोरुना १० टक्क्यांनी उतरवावा लागला.

---

वाऱ्यावरची

हिशोबनीस, गणित बरोबर पण उदाहरण सोयीचं निवडलंत. शेजारचं आयर्लंड विसरलात का? १९२२ ला वेगळे झाले, १९२८ ला स्वतःचा पौंड काढला, आणि तो ब्रिटिश पौंडाला एकास एक बांधून ठेवला तो थेट १९७९ पर्यंत. पन्नास वर्षं! कोणाच्या ठेवी बुडाल्या नाहीत. (हो, त्या काळात आयर्लंड गरीबच राहिलं हे मला माहीत आहे, लगेच टाकू नका.) आणि चेक-स्लोव्हाक आज दोघंही व्यवस्थित आहेत ना? सहा आठवड्यांचा गोंधळ सांगितलात, पुढची तीस वर्षं गाळलीत.

दुसरं म्हणजे सगळी धास्ती फक्त एका बाजूची मोजायची हा काय प्रकार आहे. "ब्रिटनमध्ये राहिलात तरच युरोपियन युनियनमध्ये राहाल" हे २०१४ ला घरोघर सांगत होते. दोनच वर्षांत ब्रेक्झिटचं मतदान, स्कॉटलंडने ६२ टक्के "राहू" म्हटलं तरी बाहेर. आणि पौंड लंडनच्या हातात सुरक्षित म्हणाल तर सप्टेंबर २०२२ चं ते छोटं बजेट आठवा, तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान लिझ ट्रसबाईंचं. मॉर्गेजचे, म्हणजे घरकर्जाचे, दर असे उसळले की बँकांनी रातोरात ऑफर मागे घेतल्या. तो फटका ग्लासगोच्या माणसालाही बसला, त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तेलाबद्दल एकच. १९७४ मध्ये गॅविन मॅकक्रोन नावाच्या सरकारी अर्थतज्ज्ञाने लिहून दिलं होतं की उत्तर समुद्राच्या तेलावर स्वतंत्र स्कॉटलंडकडे इतकी शिल्लक पडेल की त्यांचं चलन युरोपातल्या दणकट चलनांपैकी एक होईल. ते कागद २००५ पर्यंत गुप्त होते. नॉर्वेने त्याच समुद्रातून तेल काढून फंड उभा केला, ब्रिटनने आला तसा खर्च केला. त्यामुळे बाक यांचा मित्र अगदीच चुकीचा नाही, फक्त चाळीस वर्षं उशिरा आलाय.

---

हिशोबनीस

@वाऱ्यावरची, शेवटचं वाक्य आवडलं आणि तेच माझं म्हणणं आहे. १९७४ ला तेल समोर होतं, २०१४ ला मागे गेलं होतं. श्वेतपत्रिकेत २०१६-१७ साठी तेलातून ६.८ ते ७.९ अब्ज पौंड धरले होते, पिंपाला ११० डॉलरच्या आसपास भाव गृहीत धरून. जून २०१४ ला भाव होता ११५ च्या घरात. जानेवारी २०१६ ला तिशीच्याही खाली गेला, म्हणजे नवा देश जन्माला यायच्या दोन महिने आधी. २०१५-१६ मध्ये स्कॉटलंडच्या वाट्याचा तेल महसूल निघाला ६ कोटी पौंड. अब्ज नाही, कोटी. पहिलंच बजेट कसं मांडलं असतं सांगा.

आयर्लंडचं खरं आहे, पण ते चाललं कारण आयर्लंडने स्वतःचे हात बांधून घेतले होते, व्याजदर लंडनच्या मागे मागे. मग मिळवलं काय? (चलनापुरतं म्हणतोय, बाकीचं नाही, अंगावर येऊ नका.)

---

क्लाइडकाठचा

मी ग्लासगोजवळ राहतो, २०१४ लाही इथेच होतो, त्यामुळे थोडं पुस्तकाबाहेरचं.

पहिली गंमत म्हणजे मला मत होतं. भारतीय पासपोर्टवर. कॉमनवेल्थचा नागरिक, कायदेशीर राहतोय, पत्ता स्कॉटलंडचा, बास. १६-१७ वर्षांच्या पोरांनाही होतं. आणि लंडनला स्थायिक झालेल्या जन्माने स्कॉटिश माणसाला नव्हतं! ऑफिसमधला एक जण लंडनच्या शाखेतून रोज फोन करून चिडायचा की माझ्या देशाचं भवितव्य तू ठरवणार आणि मी नाही. काय बोलणार, मी आपला हो हो करायचो.

वातावरण सांगतो. शेवटच्या दहा दिवसांपर्यंत सगळे गृहीत धरून होते की "नाही" येणार. मग ७ सप्टेंबरला एका जनमत चाचणीत पहिल्यांदा "हो" पुढे, ५१-४९, आणि सोमवारी पौंड घसरला, बँकांचे शेअर घसरले, आठवडाभरात आरबीएस आणि लॉइड्सनी सांगून टाकलं की "हो" आलं तर नोंदणीचं ऑफिस इंग्लंडात हलवू. ऑफिसच्या कँटीनमध्ये त्या आठवड्यात ध्वजाबद्दल एकानेही तोंड उघडलं नाही. "तुझं मॉर्गेज फिक्स दराचं आहे का?" हाच प्रश्न. एका सहकाऱ्याने बचत इंग्लंडातल्या न्यूकासलच्या बिल्डिंग सोसायटीत (म्हणजे बँकेसारखीच संस्था) हलवली आणि खिडकीत "येस"चं पोस्टर तसंच ठेवलं. मी विचारलं तर म्हणाला मन वेगळं, खातं वेगळं.

निकाल ५५.३ विरुद्ध ४४.७, मतदान ८४.६ टक्के. ३२ पैकी फक्त चार भागांत "हो" जिंकलं, त्यात ग्लासगो आणि डंडी. तेलाचं शहर अ‍ॅबरडीन, तिथे मात्र जवळजवळ ५९ टक्के "नाही", यावर मित्राशी बोला.

नोटांची पण एक मजा. इथे तीन खासगी बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात, लंडनच्या दुकानदाराला दिली की उलटीपालटी करून बघतो. लोकांना वाटतं म्हणजे स्कॉटलंडचं चलन आहेच की. नाही हो. त्या प्रत्येक नोटेमागे बँकेला तेवढी रक्कम बँक ऑफ इंग्लंडच्या भरवशावर ठेवावी लागते, त्यासाठी तिथे १० लाख पौंडांची "जायंट" आणि १० कोटी पौंडांची "टायटन" अशा नोटा तिजोरीत पडून असतात, त्या बाहेर येत नाहीत. चित्र आपलं, पत त्यांची.

आणि सरकारी खर्चाचा तमाशा. नवा देश म्हणजे नवं करखातं, नवं लायसन्स ऑफिस (आमची लायसन्सं वेल्समधल्या स्वान्झीहून येतात), वकिलाती, पेन्शनचं कॉम्प्युटर. ब्रिटिश अर्थखात्याने सुरुवातीला २.७ अब्ज पौंडांचा आकडा हवेत सोडला. कसा काढला? १८० सरकारी संस्था गुणिले प्रत्येकी १.५ कोटी. ज्या प्राध्यापकांच्या अभ्यासावरून १.५ कोटी उचलले ते पॅट्रिक डनलेव्ही म्हणाले माझ्या आकड्याचं वाटोळं केलंत, सुरुवातीचा खर्च १५ ते २० कोटींच्या आसपास असेल. तेव्हापासून दोन्हीकडच्या आकड्यांवर माझा विश्वास उडाला.

---

शेवटचा_बाक

बापरे, धन्यवाद! क्लाइडकाठचा दादा, तुमचा अनुभव तर भारीच. दोन गोष्टी राहिल्या, पेन्शन आणि सीमा. पेन्शनचे पैसे लोकांनी आयुष्यभर लंडनला भरलेत ना, मग ते परत मागायचे, हक्काचे आहेत की.

---

वाऱ्यावरची

मागायचे कुठून, ते कुठे ठेवलेलेच नाहीत. ब्रिटिश सरकारी पेन्शनचा फंड वगैरे काही नसतो, आज कामावर असलेल्यांच्या करातून आजच्या म्हाताऱ्यांना देतात. म्हणजे "हो" आलं की एडिनबराचं सरकार देणार, एडिनबराच्या करातून. श्वेतपत्रिकेत तसंच म्हटलं होतं. आणि स्कॉटलंडमध्ये कामाच्या वयाची माणसं पुढे कमी होत जाणार, त्यांना बाहेरून माणसं यायला हवी आहेत आणि व्हिसाचे नियम लंडन ठरवतं. स्वातंत्र्य हवं म्हणणाऱ्यांचा हा मला सगळ्यात पटणारा मुद्दा, पण पोस्टरवर कोणी लावत नाही.

कर्जाचं उलटं झालं होतं. स्कॉटलंडची लोकसंख्या ब्रिटनच्या साधारण ८ टक्के, त्या हिशोबाने राष्ट्रीय कर्जाचा वाटा १०० अब्ज पौंडांच्या वर जातो. साल्मंड म्हणाले पौंड वाटून देणार नसाल तर कर्जही वाटून घेणार नाही. पण रोखे घेणारे घाबरायला लागले म्हणून जानेवारी २०१४ मध्येच अर्थखात्याला जाहीर करावं लागलं की आधीचे सगळे रोखे लंडनच फेडणार, स्कॉटलंडने आपला वाटा लंडनला द्यायचा. थोडक्यात घटस्फोटात घर कोणाचं आणि हप्ते कोणाचे.

---

हिशोबनीस

सीमेवर मी बोलतो, कारण २०१४ आणि आज यांत सगळ्यात जास्त तीच बदललीय.

माणसांना पासपोर्ट बहुधा लागणार नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९२० च्या दशकापासून मुक्त प्रवासाची व्यवस्था आहे, स्कॉटलंड त्यात बसेल. प्रश्न मालाचा. २०१४ ला दोघंही युरोपियन युनियनमध्ये राहतील असं धरलं होतं, त्यामुळे सीमेवर ट्रक थांबायचं कारणच नव्हतं. आता इंग्लंड बाहेर आहे. स्कॉटलंड वेगळा होऊन आत गेला तर ती दीडशे किलोमीटरची रेघ युनियनची बाहेरची हद्द होते, म्हणजे जकातीची कागदपत्रं, मासे-मांस-दुधाची तपासणी. आणि स्कॉटलंडबाहेर जो माल आणि सेवा विकल्या जातात त्यातल्या साधारण ६० टक्के बाकीच्या ब्रिटनमध्येच जातात. मोठ्या बाजारात शिरायला त्याहून मोठं गिऱ्हाईक दाराबाहेर ठेवायचं असा सौदा.

ब्रेक्झिटने स्वातंत्र्याचं कारण बळकट केलं आणि तेच स्वातंत्र्य महागही केलं. दोन्ही एकदम.

शिवाय तूट. २०२३-२४ चे स्कॉटिश सरकारचेच आकडे, २२.७ अब्ज पौंड, जीडीपीच्या १०.४ टक्के, सगळ्या ब्रिटनची त्या वर्षी ४.५. युनियनचा नियम ३ टक्क्यांचा. आता वाऱ्यावरचीताई म्हणतील...

---

वाऱ्यावरची

म्हणणारच! ते आकडे आजच्या व्यवस्थेचे आहेत. त्यात संरक्षणाचा, कर्जाच्या व्याजाचा वाटा लोकसंख्येप्रमाणे लावलेला असतो. स्कॉटलंडमधल्या फॅसलेनच्या नौदल तळावर ब्रिटनच्या ट्रायडंट अण्वस्त्रांच्या पाणबुड्या ठेवा असं ज्यांना मान्यच नाही त्यांच्या नावावरही तो खर्च पडतो. वेगळा देश वेगळा खर्च करेल.

पण प्रामाणिकपणे सांगते, ट्रायडंट वगळून १० चे ३ होत नाहीत. वर्षानुवर्षं कर वाढवावे लागतील किंवा खर्च कापावा लागेल. हे "हो"वाल्यांनी तोंडाने म्हणायला हवं. त्यांचं चलनाचं धोरणही आता बदललंय. आधी काही वर्षं पौंड तसाच वापरायचा आणि परिस्थिती बघून स्कॉटिश पौंड आणायचा, २०२२ च्या सरकारी कागदात तसं स्पष्ट आहे. म्हणजे हिशोबनीस यांचा रस्ता एक आणि मग दोन.

---

माँट्रियलकर

थोडं विषयांतर. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वेगळं होण्याच्या सार्वमतात ३० ऑक्टोबर १९९५ ला "नाही" ५०.५८ टक्क्यांनी जिंकलं, ९३ टक्क्यांच्या वर मतदान, फरक पंचावन्न हजारांच्या आत. म्हणजे देश फुटला नाही. पण कंपन्या निकालाची वाट बघत नाहीत, सन लाइफ विमा कंपनीने आपलं मुख्यालय माँट्रियलहून टोरंटोला हलवायचं १९७८ मध्येच जाहीर केलं होतं, तेव्हा पहिलं सार्वमतही व्हायचं होतं. स्पेनच्या कॅटलोनियात २०१७ ला तेच, मतदानानंतर आठवड्याभरात काइशाबँक वॅलेन्सियाला, साबादेल अलिकांतेला. कागदावरचा पत्ता बदलायला बँकेला एक मीटिंग पुरते. माणसं हलत नाहीत, पत्ता हलतो. पण ठेवीदाराला तेवढंच हवं असतं.

---

क्लाइडकाठचा

@माँट्रियलकर अगदी.

एक खुळचट समज इथेही ऐकतो तो मोडून टाकतो. "व्हिस्की बाहेर जाते त्यावरची निर्यात ड्युटी लंडन खातं." निर्यातीवर अशी ड्युटीच नाही. अबकारी कर ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या बाटलीवर लागतो. पबमध्ये हे सांगितलं तर मारायला उठतात.

आणि पुन्हा मतदानाचं म्हणाल तर सध्या तरी वाट बंद आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वेस्टमिन्स्टरच्या (लंडनच्या संसदेच्या) परवानगीशिवाय स्कॉटिश संसदेला सार्वमत घेता येत नाही. २०१४ ला ती परवानगी तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी दिली होती. पण अर्धं वेगळेपण रोजच्या जगण्यात आलंच आहे. माझ्या पगाराच्या स्लिपवर टॅक्स कोडच्या आधी "एस" अक्षर असतं, इन्कम टॅक्सचे टप्पे इथे सहा आहेत, वरचा दर ४८ टक्के, इंग्लंडात ४५. त्या बदल्यात औषधाच्या चिठ्ठीचे पैसे नाहीत आणि इथल्या मुलांना कॉलेजची फी नाही. इन्कम टॅक्सचा हा अधिकार २०१४ च्या "नाही"नंतर वाढून मिळाला, औषधं आणि फीचं मात्र आधीपासूनच होतं.

---

शेवटचा_बाक

दादा एक विचारू का, नाही सांगितलंत तरी चालेल. तुम्ही काय मत दिलंत?

---

क्लाइडकाठचा

सांगतो की, दहा वर्षं उलटून गेली. मी "नाही". चार महिन्यांपूर्वीच घर घेतलं होतं, वर हिशोबनीस यांनी जे गणित मांडलंय ते मी शाळेच्या त्या मतदान केंद्राबाहेर रांगेत उभं राहून मनात करत होतो. बायकोने "हो". आमच्या घरात निकाल १-१.

---

हिशोबनीस

आणि मॉर्गेज कोणाच्या नावावर होतं?

---

क्लाइडकाठचा

दोघांच्या. ती म्हणाली हप्ता तूच भरतोस ना, मग घाबर तूच.